बिडी-सिगारेट कायमची सोडायची तर: मोंढ्यातल्या एका जुन्या बिडीवाल्याचा बंदोबस्त

परभणीच्या मोंढ्यात मी अडतीवर हिशेब लिहितो. एकोणीस वर्षं बिडी ओढली, पगाराच्या आठवड्यात सिगारेट. तीनदा सोडली. पहिल्यांदा नऊ दिवस टिकलो, दुसऱ्यांदा सात महिने, आणि तिसऱ्या वेळेला येत्या दिवाळीत चार वर्षं होतील. लोक विचारतात, तिसऱ्या वेळी एवढा निर्धार कुठून आणला? खरं तर निर्धार पहिल्या वेळीच सगळ्यात जास्त होता, देवापुढं नारळ फोडून शपथ घेतली होती. तिसऱ्या वेळी शपथबिपथ काही घेतली नाही, फक्त बंदोबस्त नीट केला. तोच इथं क्रमानं लिहितोय. ज्याला आता सुरुवात करायचीय त्यानं पहिल्यापासून वाचावं. ज्याला सोडून दोन-तीन महिने झालेत त्यानं थेट मसणवट्याच्या गोष्टीवर जावं, घसरायची जागा तिथं आहे.

पहिले आठ दिवस: ओढा, पण लिहा

खिशात मावेल अशी पाच-दहा रुपयांची वही घ्या. प्रत्येक बिडीला तीन गोष्टी टिपा: वेळ, जागा, आणि सोबत काय होतं. चहा, माणूस, राग, कंटाळा, जे असेल ते. एखादी लिहायची राहून गेली तर राहू द्या.

मला वाटायचं मी दिवसाला दहा ओढतो. वहीत सोळा निघाल्या. त्यातल्या सहा चहासोबत, चार गाडी उतरताना हमालांसोबत, दोन जेवणानंतर, तीन फोनवर भावाची घासाघीस करताना आणि एक सकाळची. बेरीज करायची सवयच आहे, म्हणून पुढचा हिशेबही केला: या सोळांतल्या खऱ्या तलफेच्या किती? फार तर पाच. बाकीच्या चहाच्या होत्या, माणसांच्या होत्या, रिकाम्या हाताच्या होत्या. दोघांचा इलाज वेगळा असतो. तलफेला औषध लागतं, आणि सवयीला जागा बदलावी लागते.

सकाळच्या बिडीची वेळ नीट बघा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पेटवत असाल, तर शरीर निकोटीनला चांगलंच बांधलं गेलंय. झुरका मारला की निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. रात्रभर काही मिळालेलं नसतं, म्हणून सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली जातो. अशा माणसानं नुसत्या जिद्दीवर जाऊ नये.

आणि बिडी सिगारेटपेक्षा बरी, पानाची असते, हे डोक्यातून काढा. तेंदूचं पान नीट जळत नाही, विझू नये म्हणून घाईघाईनं आणि खोल ओढावं लागतं. निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड त्यामुळं भरपूर आत जातं.

सकाळच्या बिडीबद्दल आणखी एक बोलायला पाहिजे, कारण चारचौघांत कुणी बोलत नाही. आमच्याकडं निम्म्या लोकांचं गाडं संडासपाशी अडतं. "बिडीशिवाय पोटच साफ होत नाही" हे बहाणा म्हणून सोडून देऊ नका. निकोटीन आतड्याला हलवतं, ते बंद झालं की दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतं. माझी पहिली खेप नवव्या दिवशी याच कारणानं मोडली. तिसऱ्या वेळी आधीच ठरवलं: उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, रात्री झोपताना ईसबगोल, जेवणात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, आणि पाणी प्यायल्यावर वावराच्या बांधापर्यंत चक्कर. पंधरा दिवसांत पोटानं ऐकलं.

तारीख कशी धरायची

वही भरली की दहा-पंधरा दिवसांच्या आतली तारीख धरा. पेरणीच्या तोंडावर नको, सोयाबीन काढणीत नको, घरात लग्न असेल त्या महिन्यात तर मुळीच नको. गुढीपाडवा, आषाढी एकादशी, घटस्थापना, पहिला रोजा, असा दिवस असला तर घरच्यांच्याही लक्षात राहतो.

"हळूहळू कमी करतो" म्हणणारे मी बरेच बघितलेत, स्वतःही होतो. सोळाच्या आठ होतात, आठाच्या पाच, आणि मग ती पाच अशी गोड लागतात की सुटता सुटत नाहीत. एकदम बंद करणारे जास्त टिकतात असं अभ्यासांतही दिसलंय. याचं कारण मला मोंढ्यातल्या एका चाचांनी समजावलं. दिवसाला दोन बंडल ओढणारा माणूस. रमजानात पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत पोती उचलायचे आणि एकही ओढायचे नाहीत. इफ्तारचा खजूर तोंडात गेला की बिडी. मी विचारलं, दिवसभर कसं जमतं? म्हणाले, "दिनभर याद भी नै आती भाई. अजान हुई की हात जेब में." दिवसा प्रश्नच मिटलेला असतो. संध्याकाळी परवानगी उघडते आणि तलफ तिच्या मागोमाग येते. पुढच्या रमजानात चाचांनी इफ्तारनंतरचीही बंद केली. ईदला शिरखुर्मा खाल्ला, बिडी मागितली नाही.

तारीख ठरली की चार माणसांना सांगा: घरात एकाला, कामावर एकाला, ज्याच्यासोबत ओढता त्याला, आणि टपरीवाल्याला. टपरीवाल्याला सांगणं महत्त्वाचं, कारण तुम्ही दिसलात की तो न विचारता बंडल पुढं सरकवतो. माझ्यावाल्यानं पहिले आठ दिवस चेष्टा केली. नंतर मात्र मी गेलो की स्वतःच चहा पुढं करून म्हणायचा, "तुमचं खातं बंद हाय."

मदत घ्या, लाजू नका

जागतिक आरोग्य संघटना सांगते की कुठल्याही आधाराशिवाय केलेल्या प्रयत्नांतले शंभरातले साधारण चारच तग धरतात. म्हणजे माझ्या पहिल्या शपथेत काही खोट नव्हती, एकट्यानं करण्यात होती.

सगळ्यात स्वस्त मदत फोनची. तंबाखू सोडवणारी राष्ट्रीय क्विटलाइन २०१६ पासून आहे, नंबर १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दिवसा लावा. समोरचा माणूस उपदेश करत नाही. किती ओढता, पहिली कधी, याआधी कशानं मोडलं, हे विचारतो, तारीख ठरवून देतो आणि नंतर तेच फोन करून चौकशी करतात. हा नंबर पाकिटावरच छापलेला असतो. मी तो कित्येक दिवस खिशात घेऊन हिंडलो आणि कधी वाचला नाही. दुसरी सोय म्हणजे ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर मेसेज येत राहतात.

समोर बसून बोलायचं असेल तर आपल्या जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा. संभाजीनगरच्या लोकांना घाटी हे सरकारी रुग्णालय आहे, अंबाजोगाईच्या लोकांना स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय. केसपेपर काढताना "तंबाखू सोडायचीय" एवढं म्हटलं तरी पुरतं. दातांचे डॉक्टरही यात मदत करतात.

आता च्युइंगम. निकोटीनचं च्युइंगम मेडिकलवर मिळतं, २ मिलीग्रॅमचं आणि ४ चं. सकाळी अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्याला बहुधा ४ चं लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. बरेच जण हे साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावतात, मग उचक्या लागतात, मळमळतं, आणि "हे काही कामाचं नाही" म्हणून फेकून देतात. चार-पाच वेळा हळू चावायचं, जिभेला झिणझिण लागली की गालात दाबून धरायचं, झिणझिण गेली की पुन्हा दोनदा चावायचं. असं अर्धा तास. तंबाखू दाढेखाली धरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. चघळण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू-सरबत नको, नाहीतर निकोटीन अंगात नीट उतरत नाही. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, मग कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद.

बुप्रोपिऑन आणि व्हेरेनिक्लिन या गोळ्याही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. या डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायच्या, आणि तारखेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करायच्या असतात. फिट येत असेल तर बुप्रोपिऑन चालत नाही. दम्याच्या, साखरेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर "मी ओढणं बंद करतोय" हे डॉक्टरांना आधी सांगा, काही औषधांचं प्रमाण बदलावं लागतं. ई-सिगारेटच्या नादी लागू नका, २०१९ पासून देशात तिच्यावर बंदी आहे.

आदल्या रात्री

घरभर हिंडून सगळं गोळा करा. उशीखालचं बंडल, गाडीच्या डिकीतलं, दुकानाच्या गल्ल्यातलं, लायटर, संडासच्या खिडकीतली काडेपेटी. माझ्या बायकोनं देवळीतून एक अर्धी थोटूक काढली, दोन वर्षांपूर्वीची असेल. "ही पण ओढली असती तुमी," म्हणाली. ओढली असती. सगळं पाण्यात भिजवून टाका, नुसतं उकिरड्यावर टाकलेलं रात्री उचलता येतं.

पहिले तीन दिवस

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट जातो. डोकं जड, झोप तुटक, बोटं अस्वस्थ, बारीकसारीक गोष्टीवर भडका. तिसऱ्या दिवशी मी लेकराच्या हातून पाणी सांडलं म्हणून असा ओरडलो की बायकोच म्हणाली, "अहो, एक ओढून या बरं, पण लेकरावर खेकसू नका." घरची माणसं अशीच प्रेमानं परत पाठवतात. म्हणून आधीच सांगून ठेवा: दोन-तीन आठवडे मी असाच वागणार, ओढून ये असं मात्र म्हणायचं नाही.

एकेक तलफ तीन ते पाच मिनिटांची असते, फार तर दहा. बिडी दिली तरच ती जाते असं वाटतं, न देताही जाते. तेवढा वेळ काढायचा. मी उठून गोदामाच्या टोकापर्यंत जायचो, थप्पीतली पोती मोजायची, परत यायचं. तोंडात फुटाणे, बडीशेप, लवंग. सुपारी नको. ती तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, आणि पुडीतल्या सुपारीपासून गुटख्यापर्यंतचं अंतर फार थोडं आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मिळतो कुठं ते मला सांगायला लावू नका.

चहा निम्मा करा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिली खेप सुखाची गेली असती. धुरामुळं शरीर चहातलं कॅफिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा जास्त चढतो, मग छाती धडधडते, झोप उडते, आणि माणसाला वाटतं हे बिडी सोडल्यामुळंच. शिवाय माझ्या सोळांतल्या सहा चहासोबतच्याच होत्या. महिनाभर मी टपरीवर चहा घेतलाच नाही, दुकानात स्टीलच्या ग्लासात मागवून गादीवर बसून प्यायलो. टपरीवरच्या उभ्या चहात बिडी होती, गादीवरच्या चहात कधी नव्हतीच.

तेवढ्यात शरीर आपलं काम करत असतं. वीस मिनिटांत नाडी खाली येते, बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. खोकला आणि धाप कमी व्हायला महिने लागतात, सुरुवातीला तर खोकला वाढल्यासारखाही वाटतो. वर्षभरात हृदयविकाराचा जास्तीचा धोका निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचा निम्म्यावर यायला दहा वर्षं लागतात. वजन दोन-चार किलो वाढतं, माझं पाच वाढलं, विजार ढिली करून घेतली.

बिडी सुटली, चुना लागला

मराठवाड्यात हा खड्डा सगळ्यात मोठा. बिडी सोडलेला माणूस महिन्याभरात तळहातावर तंबाखू मळताना दिसतो, आणि अभिमानानं सांगतो, "धूर बंद केला बघा." २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे तुमच्याभोवती पेटवणाऱ्यांपेक्षा मळणारे कितीतरी जास्त आहेत. पारावर, एसटीत, ग्रामपंचायतीत कुणीतरी चंची उघडतोच. घरातल्या म्हाताऱ्यांची मशेरी वेगळीच. निकोटीन तेच, फक्त रस्ता बदलला, आणि तोंडाचा कॅन्सर त्या रस्त्यावर आहे. क्विटलाइन, च्युइंगम, तारीख, सगळं तंबाखूलाही तसंच लागू पडतं. दोन्ही असेल तर दोन्ही एकाच दिवशी बंद करा.

पैशाचं

एकच हिशेब देतो. दिवसाला पाच सिगारेटी, एक अठरा रुपयांची धरली तर दिवसाचे ९०, वर्षाचे ३२,८५०. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे पावणेसात क्विंटलच्या आसपास. कोरडवाहू एकराला एवढं निघालं तर आमच्याकडं शेतकरी हसतो. तो भाव त्याला मोंढ्यात मिळाला का, हा विषय वेगळा.

मसणवटा

दुसऱ्या खेपेला सात महिने झाले होते. तलफ येत नव्हती, च्युइंगम बंद झालं होतं, मी लोकांना सल्ले द्यायला लागलो होतो. चुलते वारले. जिंतूरकडचं गाव, नदीकाठचा मसणवटा. अग्नी दिल्यावर बाप्ये लिंबाखाली बसले. चिता पेटायला वेळ लागत होता, लाकडं ओली होती. कुणीतरी बंडल काढलं आणि ते हातोहात फिरायला लागलं. माझ्यापाशी आलं तसा चुलतभाऊ म्हणाला, "घे की. एकानं काय व्हायलंय?" त्या वेळी त्याला नाही म्हणणं मला माणुसकी सोडल्यासारखं वाटलं. घेतली. त्यानंच काडी ओढून पुढं धरली.

चव घाण लागली. डोकं गरगरलं, ठसका लागला, अर्धी टाकून दिली. आणि इथंच फसलो. चव इतकी वाईट लागली की मनात म्हटलं, चला, आता आपण सुटलो, ही आपल्याला काय धरतीय! दहाव्याला दोन ओढल्या. तेराव्यानंतर मोंढ्यात हमालाकडून एक मागून. महिन्याभरात वही काढली असती तर सोळा भरल्या असत्या.

म्हणून तिसऱ्या वेळी दुसरा महिना संपताच मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली: मयत, लग्नाची वरात, जागरण-गोंधळ, निवडणुकीच्या रात्री, रात्रीचा लांबचा प्रवास, भावकीतलं भांडण, आणि दारूची बैठक. दारूची बैठक सगळ्यात धोक्याची, दुसऱ्या पेगनंतर कुठलाच बंदोबस्त चालत नाही. पहिलं वर्षभर मी ती टाळलीच. बाकी ठिकाणी जाणं चुकत नाही, तेव्हा तिथं गेल्या गेल्या काहीतरी काम अंगावर घ्यायचं. मयतीत लाकडं मोजायची, पाणी आणायचं. लग्नात पंगतीला वाढायचं. वाढप्याच्या हातात बादली असते, त्याच्यापुढं कुणी बंडल धरत नाही.

काय बोलायचं तेही आधी ठरवा. "मी सोडलीय" म्हटलं की मंडळींना पैज लागल्यासारखं होतं, किती दिवस टिकतंय बघू. "डॉक्टरनं बंद केलीय" म्हटलं की दोनच प्रश्न येतात आणि विषय मिटतो. आमच्या गावात सगळ्यात चांगला इलाज माळकऱ्यांचा आहे. गळ्यात तुळशीची माळ दिसली की बंडल आपोआप पुढच्या माणसाकडं जातं. मी माळ घातली नाही, ती नुसत्या बिडीसाठी घालायची गोष्ट नव्हे. पण वारीला जाऊन माळ घातलेले आणि तिच्या धाकानं वीस-वीस वर्षं न ओढलेले लोक मला माहीत आहेत.

एखादी ओढली गेली तर

त्याच दिवशी, उद्या नाही, क्विटलाइनला फोन लावा. उरलेलं बंडल असेल तर भिजवा. वहीत लिहा: वेळ, जागा, सोबत काय. नव्यानं तारीख धरायची नाही, मोजणी शून्यावर आणायची नाही, तीच तारीख पुढं चालू. "आता मोडलंच आहे तर आजचा दिवस ओढून घेतो" हा विचार त्या एका बिडीपेक्षा जास्त नुकसान करतो. पुन्हा दोन आठवडे च्युइंगम लागलं तर घ्या. दुसऱ्याकडची एक ओढणं आणि स्वतःचं बंडल विकत घेणं यात मोठं अंतर आहे. टपरीवर पैसे काढून देईपर्यंत परत फिरता येतं.

दुसऱ्या वर्षानंतर रोज लिहायची गरज नाही. वही मात्र ठेवा आणि फक्त निसटता प्रसंग टिपा. माझ्या वहीतली शेवटची नोंद मागच्या लग्नसराईतली आहे: रात्री ११ वाजून ४० मिनिटं, मांडवामागं जनरेटरशेजारी, सोबत चुलतभाऊ. हात पुढं झाला होता. बडीशेप.